क्यू, डब्ल्यू आणि 'चि.'मधली वेलांटी

काल भावाच्या मित्राचा मुलगा एडिटिंग शिकायला म्हणून मुलुंडला घरी आला होता, आणि पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं की पोरगा प्रत्येक कटसाठी माउस घेऊन रेझरच्या चिन्हाकडे जातो, कट मारतो, परत बाणाकडे येतो, नको तो तुकडा पकडतो, डिलीट करतो, मग मधे राहिलेली रिकामी जागा पकडून ती डिलीट करतो. एका कटला सहा हालचाली. वेळ जातो ते आहेच, पण मला जास्त खटकतं ते हे की तेवढ्यात स्क्रीनवर बोलणाऱ्या माणसावरची नजर सुटते. डोळे चेहऱ्यावर आणि कान श्वासावर पाहिजेत बाबा, टूलबारवर काय ठेवलंय. मी कीबोर्डचे शॉर्टकट शिकवते ते यासाठी.

सगळ्यात आधी जे, के, एल. एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुठलंही असो, प्रीमियर घ्या, रिझॉल्व्ह घ्या, फायनल कट घ्या, ही तीन बटणं तीच. एल दाबलं की पुढे, जे दाबलं की मागे, के म्हणजे थांब, आणि एल परत परत दाबलं की स्पीड वाढतो. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण के दाबून धरायचं आणि वर एल दाबून धरायचं, मग क्लिप हळूहळू पुढे सरकते, आवाजासकट, आणि शब्द नेमका कुठे संपला, ओठ कुठे मिटले ते सापडतं. नुसतं एकदा टिचकी मारली तर एकच फ्रेम पुढे.

मग प्रीमियरमधले क्यू आणि डब्ल्यू. क्यू दाबलं की प्लेहेडच्या, म्हणजे आपण आत्ता कुठे आहोत ते दाखवणाऱ्या उभ्या रेषेच्या मागचा, आधीच्या कटपर्यंतचा भाग जातो आणि जागाही आपोआप बुजते, डब्ल्यू म्हणजे तेच पण पुढच्या बाजूचं. बस, सहा हालचालींची एक झाली. फक्त म्युझिक आधीच टाकलं असेल तर त्या ट्रॅकला कुलूप लावून घ्या, नाहीतर प्रत्येक क्यूला गाण्याचाही तुकडा उडतो आणि ते अर्ध्या तासाने कळतं.

लालबागच्या एका निवृत्त गिरणी कामगार काकांची मुलाखत मी अशीच कापली होती, दीड तासाचं फुटेज, डावा हात क्यू-डब्ल्यूवर, उजवा जे-के-एलवर, माउसला हात नाही. १९८२ च्या संपावर आले आणि काका वाक्याच्या मधेच थांबले, खिडकीकडे बघत राहिले, साधारण चार सेकंद. बोटं सवयीने चालत असल्यामुळे मी पूर्ण वेळ त्यांच्याकडेच बघत होते म्हणून तो थांबा मला दिसला आणि मी तो तसाच ठेवला. त्यानंतरचं वाक्य मात्र चित्राच्या आधी सुरू केलं, म्हणजे आपण अजून बंद गिरणीची चिमणी बघतोय आणि काकांचा आवाज आलेला आहे. याला जे कट म्हणतात. त्यासाठी ऑल्ट धरून क्लिपच्या आवाजाची कड ओढायची, फक्त आवाजच ओढला जातो, चित्र जागच्या जागी.

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगते. एस्केपच्या खाली ते तिरक्या टिंबाचं बटण असतं ना, माउस ज्या पॅनेलवर असेल ते पॅनेल त्याने पूर्ण स्क्रीनभर होतं, लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना वरदान आहे. एका क्लिपचा कलर आणि साइज दुसऱ्या पन्नास क्लिपना द्यायचा तर कंट्रोल सी, सगळ्या सिलेक्ट, मग कंट्रोल ऑल्ट व्ही. गाणं चालू ठेवून ठेक्यावर एम मारत जायचं, मार्कर म्हणजे खुणा पडत जातात, कट त्यावर बसवायचे. आणि रिझॉल्व्हला जाताय तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रीमियरची मांडणी निवडता येते, हाताची सवय मोडावी लागत नाही.

आता गणपती आगमनवाल्यांसाठी एक. तीन कॅमेरे असले तर आपण सॉफ्टवेअरला सांगतो, ऑडिओवरून सिंक कर, म्हणजे तिन्ही एकमेकांशी जुळव, आणि ते करतंही. पण मग ताशाची काडी पडताना दिसते आणि आवाज किंचित इकडेतिकडे वाटतो. चूक कोणाचीच नसते, आवाजाला पोचायला वेळ लागतो. आपण सेकंदाला २५ फ्रेमवर काम करतो, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदाची, तेवढ्यात आवाज साधारण १४ मीटर जातो. पुलावरचा कॅमेरा पथकापासून ४० मीटरवर असेल तर त्याच्या माइकवर आवाज जवळजवळ तीन फ्रेम उशिरा पोचलेला असतो. म्हणून आवाज पथकातल्या कॅमेऱ्याचा घ्यायचा आणि लांबच्या कॅमेऱ्यांचं चित्र डोळ्यांनी बघून, काडी ताशावर पडते ती फ्रेम पकडून सरकवायचं.

आणि शेवटचं, जे मी प्रत्येक मराठी एडिटरला हात धरून सांगेन. एका लग्नाच्या व्हिडिओत मी टायटल टाकलं 'चि. सौ. कां.' आणि पुढे मुलीचं नाव. 'चि'ची वेलांटी च च्या उजवीकडे जाऊन पडली होती आणि जोडाक्षरं फुटली होती. मी ते न बघता पाठवलं आणि मुलीच्या वडिलांचा फोन आला. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की ताई, नाव तरी नीट हवं होतं. मला अजून वाईट वाटतं. उपाय दोन मिनिटांचा आहे. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स, तिथे टेक्स्ट इंजिन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न करा, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा आणि टायटल नव्याने टाइप करा. आफ्टर इफेक्ट्समध्ये हेच टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये सापडतं. फॉन्ट युनिकोडच हवा, 'मुक्त' किंवा 'बलू' घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेत.

नवीन मशीनवर बसले की मी आधी एक टायटल उघडून 'कीर्ती, बुद्धी, प्रियजन, सूर्य, चि. सौ. कां.' असं टाइप करते आणि मोठं करून एकेक अक्षर वाचते. मगच फुटेज आत घेते.