प्रॉपर्टीवाली

आमच्या घरात ‘प्रॉपर्टी’ हा शब्द फक्त बाबा आणि काकांच्या भांडणात निघायचा. त्यामुळे बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका संध्याकाळी मी घरी येऊन ‘मला प्रॉपर्टी मिळाली’ असं म्हटलं, तेव्हा आईचा झारा कढईवर तसाच थांबला. मग मी नाटकात लागणाऱ्या वस्तूंची यादी दाखवली. कंदील १, कपबश्या २, आजोबांची काठी १, अडकित्ता १, पत्र १ (बंद पाकिटात). आईने भजी उलटली आणि म्हणाली, “कंदिलाची काच फुटली तर घरी येऊ नकोस.”

पुण्यात ऑगस्ट लागला की कॉलेजातली एक जमात वर्गातून गायब होते. ‘पुरुषोत्तम’ आहे म्हटलं की कुणी जास्त विचारत नाही. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे. जब्बार पटेल, मोहन आगाशे ही मंडळी बी. जे. मेडिकलमधून इथे नाटकं करत होती, हे आम्हाला पहिल्याच तालमीत सांगण्यात आलं, जणू आमचंही पुढे तसंच काहीतरी होणार होतं. झालं नाही. आमच्यातले दोघे बँकेत आहेत, एक जण टाइल्स विकतो.

मला अभिनय येत नव्हता. तो येत नाही हे कळायला दिग्दर्शकाला पाच मिनिटं लागली, मला जरा जास्त. सेट रात्री बनायचा, लेव्हल्स म्हणजे चौथरे ठोकायचं, फ्लॅट म्हणजे सेटच्या भिंती रंगवायचं काम पहाटेपर्यंत चालायचं. आणि आम्हा मुलींना साडेनऊच्या आत घरी पोचायचं असायचं. हे असं का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही, याचा आता राग येतो. तर उजेडात करता येईल असं जे काम उरलं, ते माझ्याकडे आलं.

प्रॉपर्टीवालीचं काम म्हणजे मागणं. आधी स्वतःचं घर, मग मैत्रिणींची घरं, मग वाड्यातल्या आजी, आणि सगळं थकलं की बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार. अडकित्ता वाड्यातल्या एका आजींकडे मिळाला. त्यांनी तो दिला, पण बरोबर नटाला बोलावून घेतलं आणि सुपारी कशी कातरायची ते शिकवलं. आमच्या नटाच्या सबंध भूमिकेत खरं वाटणारं तेवढंच होतं. सुपारी कातरताना त्याचे खांदे आपोआप म्हाताऱ्यासारखे व्हायचे. दिग्दर्शकाने पंधरा दिवस ओरडून जे झालं नव्हतं, ते त्या अडकित्त्याने केलं.

कपबश्यांचं मात्र भांडण झालं. रिकामा कप बशीवर ठेवला की ठण्ण आवाज येतो आणि पहिल्या चार रांगांना कळतं की आत काही नाही. मग मी पाणी भरलं. नट म्हणाला, गार पाणी पिताना फुंकर घालायची कशी? मग खरा चहा केला. थर्मासमधला चहा इतका गरम निघाला की प्राथमिक फेरीत त्याने जीभ भाजून घेतली आणि पुढची तीन वाक्यं बोबडी म्हटली. प्रेक्षकांत बसलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या पोरांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. भरत नाट्य मंदिरातल्या टाळ्या कधी कौतुकाच्या आणि कधी सूड म्हणून असतात, हे पाठीच्या कण्याला कळतं.

पण माझी खरी मिरासदारी पत्राची. दुसऱ्या प्रवेशात सून बंद पाकीट फोडते, पत्र वाचते आणि काही न बोलता खिडकीशी जाते. पाकीट रोज फुटणार, म्हणजे रोज नवीन पत्र. पहिले काही दिवस मी कोऱ्या कागदाची घडी घातली. मग कंटाळा आला म्हणून लिहायला लागले. ‘तीर्थरूप वहिनीस सा. न. वि. वि. तू काल प्रकाशात नव्हतीस, दोन पावलं डावीकडे सरक.’ ती रंगमंचावर पत्र वाचता वाचता दोन पावलं सरकली. दिग्दर्शकाला वाटलं, भूमिका सापडली. मग रोजच लिहायचे. ‘अकाउंट्सचं जर्नल आज माझ्याकडे दे.’ ‘कँटीनवाल्याचे तुझ्याकडे अठरा रुपये निघतात.’ तिचा चेहरा पडायचा आणि सभोवती शांतता पसरायची. उधारीचा धक्का इतका अस्सल दुसऱ्या कशाने बसत नसावा.

अंतिम फेरीत नऊ संघ जातात. आम्ही दहावे होतो असं आमच्या दिग्दर्शकाचं आजही म्हणणं आहे. ते कुणी त्याला सांगितलं, हे विचारायचं नाही. निकाल लागला त्या रात्री ‘आव्वाज कुणाऽऽचा’च्या आरोळ्यांनी सभागृहाचं छप्पर उडायची वेळ आली होती. आम्हीही ओरडलो, दुसऱ्यांच्या नावाने ओरडलो, घसा बसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सगळे झोपले होते आणि मी पावसात, रिक्षात पायाशी कंदील धरून, वस्तू परत करत फिरत होते.

२०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या लायकीची नाही म्हणून करंडकच दिला नाही, तेव्हा बरीच चर्चा झाली. परीक्षकांना तो अधिकार होता, असं माझं मत आहे. पण मला सारखी ती पोरं डोळ्यांपुढे यायची, जी दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी घड्याळ, कुणाचा तरी पाट परत द्यायला गेली असतील आणि दारात विचारलं गेलं असेल, “मग, काय मिळालं?”

परवा भाची आली. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि अर्थातच वर्गात जात नाही. “मावशी, तुझ्याकडे जुन्या वस्तू असतील ना?” म्हणत तिने फोनवर यादी दाखवली. कंदील तर होताच. काच अजून तीच आहे. त्याखाली लिहिलं होतं : ‘बटणांचा मोबाइल १ (काळ दाखवण्यासाठी)’.

मी कपाटाच्या खालच्या खणातून माझा पहिला नोकिया काढला. ‘पाच’चं बटण पुसलं गेलंय, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. तिने तो असा दोन्ही हातांत घेतला, जसा मी अडकित्ता घेतला होता.

“चार्जर देऊ?” मी विचारलं.

“नको गं, वाजायचा नाहीये. म्हातारीच्या हातात नुसता ठेवायचाय.”