घोडीला सुट्टी मिळाली, स्वाराला नाही

टेक्सासमध्ये पोलीस, अग्निशमन दल आणि सैन्यातल्या माणसांसाठी, त्यांच्या बायकामुलांसाठी वेगळे रोडिओ, म्हणजे उधळणाऱ्या घोड्या-बैलांवर बसण्याचे खेळ, भरतात. अशाच एका रोडिओला मी जनावरांची डॉक्टर म्हणून होते. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले, पण उधळणाऱ्या घोड्यांशी गाठ पडली ती इथे आल्यावर. माझं काम बहुतेक वेळ बघण्याचं. ट्रकमधून जनावर उतरलं की त्याची चाल बघायची, डोळे, शिंगं, खूर बघायचे आणि लंगड दिसली की कार्यक्रमातून त्याचं नाव काढायचं. त्या रोडिओत माझी सही झाली की मालकाचंही काही चालत नव्हतं.

घरचे दर वेळी विचारतात, घोड्याचे वृषण आवळतात म्हणून तो उसळतो ना? नाही. घोडा उसळावा म्हणून जो पट्टा असतो तो कुशीवर, मागच्या पायांच्या पुढे बांधतात. त्याला आतून मेंढीच्या लोकरीचं अस्तर असतं आणि एका ओढीत तो सुटतो. शिवाय या घोड्यांत माद्या पुष्कळ असतात, तेवढं सांगितलं तरी प्रश्न मिटावा. बैलगाडा शर्यतीवर 2014 च्या बंदीपासून 2023 च्या निकालापर्यंत आपल्याकडे केवढा वाद झाला, पण बैलाच्या अंगाला हात लावून बघणारे त्यात थोडेच होते.

त्या संध्याकाळी बिनखोगिराच्या घोड्यांची फेरी चालू होती. रिंगणाला लागून लोखंडी पाइपांचे अरुंद कप्पे असतात, त्यात स्वार घोड्यावर बसतो. चामड्याच्या मुठीत हातमोजा घट्ट रुतवतो, मान हलवतो आणि फाटक उघडतं. पुढचे आठ सेकंद त्यानं टिकायचं. हा स्वार फायरमन होता. त्यानं मान हलवण्याआधीच तांबूस घोडी दोन पायांवर उभी राहिली आणि मागे उलथून कप्प्यात उताणी पडली. तो तिच्या आणि पाइपांच्या मधे चेंगरला, हात मुठीत अडकलेला. वरच्या फळीवरच्या दोन पोलिसांनी त्याला जाकिटाला धरून उपसून काढलं.

मग एक वेगळीच अडचण झाली. एरवी रोडिओत मदतीला जाणती माणसं मिळत नाहीत. इथे सगळेच बचावकार्यातले, त्यामुळे चहूबाजूंनी हुकूम सुटायला लागले. घोडी उताणी पडली की पोटातला सगळा भार फुप्फुसांवर येतो, वेळ फार नसतो. त्यात तिचा मागचा पाय फाटकाच्या पाइपांत अडकलेला. फाटक ओढलं असतं तर नळीचं हाड गेलं असतं. कोणीतरी गाडीवरचं पाइप फाकवायचं यंत्र आणायला धावला. मी नको म्हटलं, त्या आवाजानं ती अजून झटापट करेल. तेव्हा अग्निशमन दलाच्या एका कॅप्टननं सगळ्यांना गप्प केलं आणि मला एवढंच विचारलं, "डॉक्टर, काय हवंय?"

डोळ्यांवर टॉवेल, कानांत कापूस. एरवी पाच-साडेपाचशे किलोच्या घोड्याला सहा मिली झायलाझीन, म्हणजे गुंगीचं औषध, देते. तिला तीनच दिलं, कारण पुऱ्या डोसानं श्वास आणखी मंदावला असता आणि बाहेर आल्यावर तिला पायांवर उभंही राहायचं होतं. मानेतली शीर फुगून वर आली होती, सुई लगेच लागली. कॅप्टननं पाठीच्या बाजूनं, खुरांच्या टप्प्याबाहेर राहून, पाय हळूच मागे घेऊन सोडवला. नंतर रुंद पट्टे छातीभोवती आणि पुठ्ठ्याभोवती घातले. मान किंवा पाय धरून घोडा ओढायचा नाही, हे त्याला मला सांगावं लागलं नाही. इतकं नेटकं काम मी कुठल्याच रोडिओत पाहिलेलं नाही.

थोड्या वेळानं ती उठली. हिरड्या गुलाबी, नाडी साठच्या वर, गुडघीला खरचटलेलं. मी तिचं नाव काढलं. मालकानं कागद न वाचता खिशात घातला.

घोडी कप्प्यात पडली म्हणून पंचानं स्वाराला नियमाप्रमाणे दुसरा घोडा देऊ केला. तो कोपर बरगड्यांना चिकटवून, वरवरचा श्वास घेत उभा होता. घोडा असा उभा राहिला असता तर मी त्याला सोडला नसता. जखमा बघणाऱ्या तंबूतल्या माणसाला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "तो ठीक आहे म्हणतोय. सही त्यानंच केलीय." स्वाराला थांबवायचा अधिकार तिथे कोणालाच नव्हता. त्याची धाकटी मुलगी दुपारी लहान मुलांच्या खेळात मेंढीवर बसली होती. तिला हेल्मेटशिवाय बसू दिलं नव्हतं. बापाच्या डोक्यावर हॅट होती. 1989 मध्ये अमेरिकेतल्याच शायेनच्या रोडिओत बैलानं लेन फ्रॉस्ट या नामांकित स्वाराला मारलं, त्यानंतर ही संरक्षक जाकिटं आली. तेवढा एक मृत्यू जाकिटाला पुरला, पण स्वाराला अडवायच्या नियमाला या रोडिओत अजून काही पुरलेलं नाही.

तो बसला आणि आठ सेकंद टिकलाही. उतरवून घेणाऱ्या घोडेस्वाराच्या गळ्यात त्याला एकच हात टाकता आला. दोन बरगड्या मोडल्याचं नंतर कळलं. टाळ्या सगळ्यात जोरात त्या कॅप्टननंच वाजवल्या. आगीच्या ठिकाणी याला असा आत सोडला असता का, असं मी त्याला विचारलं.

"तिथे मी त्याला घरी पाठवला असता," तो म्हणाला. "आज तो सुट्टीवर आहे."

माझ्याकडे असतो तसाच सहीचा कागद माणसांच्या डॉक्टरलाही द्या, असं मी आयोजकांना लिहिलं आहे. पुढच्या रोडिओचे अर्ज निघाले, त्यात तो नाही. मी पुन्हा लिहिते आहे.