पाच मिलिमीटरचे काप, एक मिलिमीटरचे काप

एका मोठ्या रुग्णालयाच्या आयटी विभागात रेडिओलॉजीच्या प्रतिमांचा साठा सांभाळणे हे माझे काम आहे. दर महिनाअखेरीस सर्व्हरवर किती जागा व्यापली हे मी एक्सेलमध्ये नोंदवते आणि त्यावरून खरेदी समितीला पुढील तीन वर्षांची गरज कळवते. गेल्या वेळचा अंदाज समितीने ज्या रीतीने निकालात काढला, तो प्रकार अजून मनातून जात नाही.

एक्सेलमधील फोरकास्ट-लिनिअर हे सूत्र मागील नोंदींमधून सरळ रेषा काढून ती पुढे वाढवते. आमची रेषा नोंदींशी छान जुळत होती आणि समिती तेवढ्यावरच समाधानी होती. वास्तविक एकूण व्यापलेली जागा साचत जाणारी असते, त्यामुळे तिच्यावर बसवलेली रेषा बहुधा चांगलीच दिसते. खरे काय चालले आहे ते पाहायचे तर चालू महिन्यातून मागचा महिना वजा करून निव्वळ वाढीचा कॉलम वेगळा मांडावा लागतो. त्या कॉलममध्ये अलीकडच्या महिन्यांची वाढ आधीच्या दुपटीहून अधिक होती, आणि रुग्ण मात्र तितकेच होते.

कारण शोधायला मी रेडिओलॉजीत गेले. तेथील तंत्रज्ञाने कन्सोलवरच दाखवले की पूर्वी छातीच्या सीटी स्कॅनचे फक्त पाच मिलिमीटर जाडीचे काप साठवणुकीला पाठवले जात, आता त्यांच्या जोडीला एक मिलिमीटरचेही जातात. सीटीचा एक काप 512 × 512 बिंदूंचा आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. तीस सेंटिमीटर लांबीच्या भागाचे जाड काप 60, म्हणजे 30 एमबी. पातळ काप 300, म्हणजे 150 एमबी. दोन्ही ठेवले की एक तपासणी सहापट होते. डॉक्टरांचा निर्णय योग्यच होता, कारण जाड कापात लहान गाठ नजरेतून निसटू शकते. पण आम्हाला साधा निरोप देण्याची गरज कोणालाही वाटली नाही, आणि आमच्याकडे हे नेहमीचेच आहे.

मग मी रेषा बाजूला ठेवून शीट नव्याने बांधले: प्रत्येक तपासणीची मासिक संख्या गुणिले तिचा सरासरी आकार. त्यात विक्रेत्याचे 100 टीबी सर्व्हरवर सुमारे 91 का दिसतात तेही धरले (तो दहाच्या बाराव्या घाताने मोजतो, सर्व्हर दोनच्या चाळिसाव्या), रेड-6 रचनेत (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) 12 डिस्कपैकी दोन डिस्कांइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे डिस्क बिघडल्यास माहिती परत मिळवण्यासाठीच्या नोंदींना, जाते ते धरले, आणि 80 टक्के भरताच नवी मागणी निघावी अशी मर्यादा घातली. एवढ्या बारकाईने केलेल्या या शीटचा मला अभिमान आहे.

समितीने रेषेचा आणि नव्या शीटचा असे दोन्ही आकडे ऐकून घेतले आणि त्यांची सरासरी मंजूर केली. या सरासरीला कोणताही आधार नाही, कारण पातळ काप एक तर येतील किंवा येणार नाहीत. त्यांतले निम्मेच आले असे कधी होत नाही. हे मी बैठकीत सांगितले, तेव्हा दरवर्षी थोडेफार वाढतेच, असे उत्तर मिळाले.

आता थरांच्या प्रतिमा काढणारे मॅमोग्राफीचे नवे यंत्र येणार आहे. मागील नोंदींत त्याचा मागमूसही असणार नाही, म्हणून त्याच्या एका तपासणीचा आकार विक्रेत्याकडून लेखी मिळावा, असे पत्र मी खरेदी विभागाला दिले आहे.