जुना ग्रँड पियानो उघडताना: आधी मापं, मग पाना

जुना ग्रँड पुन्हा बांधायला घेतला की बहुतेकांचा हात आधी पॉलिशकडे जातो. पॉलिश सगळ्यात शेवटी. पियानो कसा वाजणार हे ठरतं तारांची लांबी, तारांचा ताण पेलणाऱ्या लोखंडी प्लेटची उंची आणि घोडीवर म्हणजे ब्रिजवर (तारांची कंपनं खालच्या लाकडी साउंडबोर्डकडे नेणाऱ्या भागावर) पडणारा दाब यांवरून. हा दाब तारा ताणलेल्या असतानाच नीट मोजता येतो. ताण उतरला की तो आकडा गेलाच म्हणून समजा.

म्हणून पाना हातात घेण्याआधी वही. प्रत्येक विभागाच्या दोन्ही टोकांना तार की-बेडपासून (पट्ट्यांच्या, म्हणजे कीजच्या, खालच्या फळीपासून) किती उंच आहे ते लिहून घ्या. खर्जाच्या तारांवर जाड कागद अंथरून पेन्सिलने घासा, म्हणजे अ‍ॅग्राफ (पुढच्या टोकाला तारा ज्यांतून ओवलेल्या असतात ते भोकांचे तुकडे), घोडीच्या पिना आणि हिच-पिना (तारेचं मागचं टोक अडकवायच्या प्लेटवरच्या पिना) यांचे ठसे उमटतात. तांबं गुंडाळलेल्या नव्या तारा याच ठशांवरून बनवून घ्यायच्या असतात. साउंडबोर्डचा फुगवटा, म्हणजे क्राउन, पाहायला खालच्या बाजूने सर्वांत लांब रिबच्या (बोर्डाखाली चिकटवलेल्या आधारदांडीच्या) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणा. मध्यभागी दीड-दोन मिलिमीटर फट दिसली तर बोर्डात अजून जीव आहे. नुसत्या भेगा दिसल्या म्हणून बोर्ड बदलायला निघू नका. रिबचा जोड घट्ट असेल तर भेगेत स्प्रूस लाकडाची पट्टी भरून भागतं.

ताण उतरवताना घाई नको. सुमारे २३० तारांचा मिळून ताण १८ ते २० टन असतो. एक विभाग पूर्ण सैल आणि शेजारचा ताणलेला, अशी अवस्था ओतीव प्लेटला मानवत नाही. प्रत्येक ट्यूनिंग पिन (जिच्याभोवती तार गुंडाळलेली असते ती) अर्धा फेरा, अशा तीन-चार आवर्तनांत सगळा पियानो सारखा सैल करत जायचं. प्लेट शंभर किलोंहून जड असते, तेव्हा ती उचलायला चेनब्लॉक (साखळीची कप्पी) हवाच.

पिनब्लॉक (ट्यूनिंग पिना ज्यात ठोकतात तो लाकडी ठोकळा) नवा बसवताना खरं काम भोकं पाडण्याचं नाही, प्लेटच्या कडेला तो बसवण्याचं आहे. कडेला खडू लावायचा, ब्लॉक दाबून पाहायचा, खडू लागला तिथं रंधा मारायचा. सगळीकडे टेकेपर्यंत हेच. फट राहिली तर ताण आला की ब्लॉक सरकतो, सूर टिकत नाही आणि प्लेटलाही धोका. भोकाचं माप त्याच लाकडाच्या तुकड्यावर ठरवा: वेगवेगळ्या बिटांनी भोकं पाडून पिना ठोका आणि टॉर्क (पिन फिरवायला लागणारा पिळाचा जोर) मोजा. ११ ते १४ न्यूटन-मीटर मिळाला की ते माप पक्कं. बिट तापू देऊ नका. भोकाची भिंत करपून गुळगुळीत झाली की पिन सरळ फिरत नाही, झटके देत फिरते, आणि ट्यूनर कायमचा वैतागतो.

साउंडबोर्ड बदलायचाच असेल, तर लाकडातला ओलावा ५-६ टक्क्यांपर्यंत उतरवून मगच रिब चिकटवा. नंतर बोर्ड हवेतली आर्द्रता पितो, आडवा फुगतो, रिब मात्र लांबीत वाढत नाही. फुगवटा टिकायला याचीच मदत होते. ओलसर बोर्ड चिकटवला तर कोरड्या हवेत तो चिरतोच.

प्लेट परत ठेवताना घोडीवरच्या दाबाकडे लक्ष. तारेला घोडीवर एक अंशाचा बाक दिला तरी २० टन ताणावर एकूण दाब साडेतीनशे किलोंच्या आसपास जातो. बाक जास्त झाला तर बोर्ड गुदमरतो आणि स्वर लवकर विझतो. कमी झाला तर आवाज पोकळ येतो, तारा झणझणतात. प्लेट २ मिलिमीटर वर राहिली तर हा हिशेब बिघडतोच, शिवाय हॅमरपासून (तारेवर आपटणाऱ्या फेल्टच्या हातोडीपासून) तारेचं अंतरही बदलतं.

आता रचनेतल्या दुरुस्तीबद्दल. लहान ग्रँडमध्ये जुन्या कारागिरांनी लांब घोडी खालच्या टोकाला हॉकीच्या काठीसारखी वळवली, कारण केसमध्ये जागाच नव्हती. तिथल्या साध्या, म्हणजे तांबं न गुंडाळलेल्या, तारा गरजेपेक्षा आखूड पडतात. स्वर आणि जाडी तीच ठेवून लांबी निम्मी केली तर ताण चौथ्या हिश्श्यावर येतो. १२३.५ हर्ट्झची १.१ मिमी तार १ मीटर लांब असेल, तर ताण जेमतेम ४६ किलो, म्हणजे तुटण्याच्या मर्यादेच्या पाव भागाहूनही कमी. शेजारच्या खर्जाच्या तारांवर ७० किलोंच्या पुढे ताण असला, की दोन पट्ट्यांमध्ये आवाजाचा पोत एकदम बदलतो. हवामान बदललं की याच तारा सगळ्यात आधी बेसूर होतात, कारण ताणातला तेवढाच फरक सैल तारेवर जास्त दिसतो.

जाड तार लावून हे सुटत नाही. ताण वाढतो, पण तार ताठर होते आणि तिचे उपस्वर आणखी वर सरकतात. खरा उपाय म्हणजे तेवढ्या पाच-सहा स्वरांना वेगळी छोटी घोडी आणि प्रत्येकी तीन साध्यांऐवजी तांबं गुंडाळलेल्या दोन तारा. त्यासाठी तीन भोकांचे अ‍ॅग्राफ काढून दोन भोकांचे लावावे लागतात आणि हिच-पिनांच्या जागाही हलतात. गुंडाळलेल्या तारांचा हिशेब आधी, घोडीचं लाकूड नंतर.

तार-सप्तकाच्या टोकाला उलटी गंमत. शेवटच्या पट्टीची तार ५२ मिमी आणि ०.७७५ मिमी जाडीची असेल तर ताण सुमारे ७२ किलो. लांबी ५० मिमी झाली की ६६. तिथं घोडीची खाच अर्ध्या मिलिमीटरच्या चोखपणानेच कापायची.

हॅमर निवडायचे ते नव्या तारा चढून तीन-चार वेळा सुरात लावल्यावर. हलक्या जुन्या अ‍ॅक्शनवर (पट्टीपासून हॅमरपर्यंतच्या यंत्रणेवर) आजचे जड हॅमर चढवले की पट्टी दाबायला ७० ग्रॅम लागतात, ५०च्या आसपास हवे असताना. मग लोक पट्टीत शिसं भरत सुटतात. वजन हॅमरचं कमी करा: शेपटीकडून आणि बाजूंनी लाकूड तासा, फेल्टला हात लावू नका.