वहीतल्या पानांत मी कुठे आहे?

त्या वाईट दिवसाविषयी मी लिहिलेली वही परत देताना ताईने एवढेच विचारले, "त्या वेळी तुला काय वाटलं, ते कुठे लिहिलंयस?" तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

सारी पाने पुन्हा वाचली. फोन किती वाजता आला, दार कोणी उघडले, उंबऱ्यापाशी कोणाच्या चपला उलट्या पडल्या होत्या, सगळे जागच्या जागी आहे. नाही ती फक्त मी. एखाद्या तिऱ्हाइताने पंचनामा करावा तसे हे लिखाण आहे. 'मला भीती वाटली' एवढे साधे वाक्यही त्यात उतरलेले नाही.

डॉक्टरांनी लिहायला सुचवले तेव्हा मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाविषयी वाचले होते. विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस रोज १५ मिनिटे लिहिले. ज्यांनी आघाताचा प्रसंग आणि त्या वेळच्या भावना दोन्ही मांडल्या, ते लिहून उठताना अधिकच खिन्न होते, पण पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याची वेळ त्यांच्यावर इतरांपेक्षा कमी आली. नुसता घटनाक्रम लिहिणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. मी खिन्न होऊन कधी उठलेच नाही. सगळ्यांना वाटते, ही सावरली; आणि सावरलेल्या माणसाला पुन्हा कोणी काही विचारत नाही, याचे किती वाईट वाटते ते कोणाला सांगावे?

कादंबरी वाचताना मात्र कुठल्याशा परक्या बाईच्या दुःखाने गळा दाटून येतो. तिच्या आडून माझे रडून होते. तेवढ्यापुरते का होईना, वाचनाने मला तगवले आहे.

पेनेबेकर असेही सांगतात की जे लिहिणे असह्य होईल, ते तूर्त बाजूला ठेवावे. मग ही कोरडी पानेही वाया गेलेली नाहीत. तेव्हा तेवढेच पेलवत होते, तेवढेच लिहिले. ती फाडणार नाही.

आज फोनच्या वेळेशेजारी, समासात, लिहिले: 'पाय गार पडले होते. आई माझ्याकडे पाहत होती आणि मला तिथून पळून जावेसे वाटत होते.' लिहिताना पोटात कालवले. बरे अजिबात वाटले नाही, आणि लगेच वाटावे अशी घाईही आता उरलेली नाही. ताईला हे दाखवीन. बाबांविषयी मात्र इतक्यात लिहिणार नाही.