तीस इंचांची काठी

आमच्याकडे टोल पडतो सकाळी साडेपाचला. टोल म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, चिंचेच्या फांदीला तारेनं टांगलेला. त्या गुरुवारी तो पावणेपाचलाच वाजला, आणि वाजवणारा पाळीचा इंटर्न नव्हता, मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच होते. वाडीवरच्या आत्याबाई पहाटे चारच्या सुमारास गेल्या होत्या. एप्रिलचा पहिला आठवडा, झावळ्यांचा रविवार, म्हणजे पाम संडे, होऊन चार दिवस झालेले. संध्याकाळी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा विधी, दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, तीन तासांची उपासना. उन्हाळ्यात देह ठेवायचा तरी किती? दफन आजच करायचं, तेही उजेड असताना.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, एका जुन्या मिशन कंपाउंडमध्ये, मिशनच्या कामाचं ट्रेनिंग घेणाऱ्या इंटर्नांच्या घराची जबाबदारी माझ्याकडे आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली. पुढे तालुक्या-तालुक्यांत जाड दगडी भिंतींचे कौलारू बंगले उभे राहिले, त्यातलाच हा एक. जून ते एप्रिल अशी अकरा महिन्यांची बॅच असते. त्या वर्षी चौदा जण होते, आठ मुलगे आणि सहा मुली. मिझोरमचे दोघे, झारखंडचे चौघे, तमिळनाडूचे तिघे, बाकीचे आपल्याकडचे. वाडीवरचे लोक त्यांना इंटर्न म्हणत नाहीत, 'ट्रेनिंगची पोरं' म्हणतात.

माहितीपत्रकात शास्त्राभ्यास, ग्रामभेटी, शब्बाथशाळा असं सगळं छापलेलं असतं. घर मात्र चालतं पाळ्यांवर. स्वयंपाक, पाणी, झाडलोट आणि उपासना अशा चार पाळ्या, दर शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर बदलायच्या. एका पाळीत एकाच भाषेची दोन माणसं शक्यतो ठेवायची नाहीत. ठेवली की दोघं आपसात बोलून काम उरकतात आणि तिसऱ्याला काय चाललंय तेच कळत नाही. एवढ्या वर्षांत या घरात शास्त्रावरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही. भांडणं होतात ती भातावरून आणि टाकीतल्या पाण्यावरून. भाकरी खाणाऱ्याला रात्री ऐंशी ग्रॅम तांदूळ पुरतो, मिझो पोराला दोन्ही वेळा दोनशे ग्रॅम लागतो. सगळ्यांना सारखं माप लावलं तर एकीकडे पातेल्यात भात उरतो आणि दुसरीकडे कुणीतरी न बोलता अर्धपोटी झोपतो. म्हणून भांडाराच्या दारावर माणशी तांदळाचा तक्ता लावलाय. पाण्याचं माप माणशी साठ लिटर. बोअर आटली की चाळीस.

त्या दिवशी सहाची उपासना दहा मिनिटांत आटोपली आणि पाळ्यांचा कागद उलटा करून मागच्या बाजूला नवी वाटणी लिहिली. सहा मुलगे कबरीवर. दोन मुली आत्याबाईंच्या घरी. चौघं चुलीवर. उरलेले दोघं माझ्याबरोबर जीपमधून तालुक्याला, पेटी, दोर आणि बर्फ आणायला. कबर खणणारा नेहमीचा माणूस ऊसतोडीहून परतला नव्हता, म्हणून पोरांना पाठवावं लागलं. एरवी हे काम मी इंटर्नांना दिलं नसतं.

निघायच्या आधी तीन गोष्टी बजावल्या. मोबाइल कपाटात राहतील. दु:ख असलेल्या घरात कुणी प्रवचन देणार नाही, प्रार्थना पाळकसाहेब करतील. आणि फोटो अजिबात नाही. रडणाऱ्या माणसाचा फोटो देणगीदारांच्या अहवालात चिकटवायची खोड मिशनच्या कामाला जुनीच आहे. तिच्याइतकी ओंगळ खोड मला दुसरी माहीत नाही.

घरी गेलेल्या मुलींचं काम हाताखालचं होतं. अंघोळ घालण्याचा मान घरच्या बायकांचा. मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई सांगत होत्या. सगळ्यात आधी डोळे मिटायचे, हनुवटीखालून डोक्यावर कापडाची पट्टी बांधायची, हातपाय सरळ करायचे आणि पायाचे अंगठे एकत्र बांधायचे. दोन-चार तासांत देह ताठरायला लागतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर, मग काहीच जागेवर येत नाही. अंगठी निघेना तेव्हा साबणाचं पाणी लावून, बोटाभोवती दोरा गुंडाळून ती सोडवली. शीतपेटी मिळत होती, पण त्या वाडीवर दिवसाची वीज चार तास टिकत नाही, म्हणून बर्फाच्या दोन लाद्या. त्या बाजेखाली, पाटीत, भुसा घालून ठेवायच्या. देहाला बर्फ लागू द्यायचा नाही. आणि वितळलेलं पाणी उचलायला एक माणूस नेमायचा, नाहीतर तासाभरात खोलीभर चिखल होतो.

पेटीचं माप घ्यायला दोन मुलींनी शिवणाची टेप नेली होती. उंची पाच फूट एक इंच, खांदे सतरा इंच. आतून पाच फूट पाच इंच लांब, वीस इंच रुंद आणि चौदा इंच खोल असा हिशेब मी सुताराला सांगितला. इथे एक चूक झाली, ती माझी. आतलं माप सगळे घेतात, बाहेरचं विचारायचं राहून जातं. फळीची जाडी, झाकणाची कड आणि दोन्ही बाजूंच्या कड्या धरून ती पेटी बाहेरून सव्वीस इंच रुंद भरली.

अकराला परत आलो तेव्हा कबरस्थानात काम अडलेलं होतं.

आमच्याकडे कबर सात फूट लांब, अडीच फूट रुंद, सहा फूट खोल घेतात. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठणाऱ्याचं तोंड उगवतीकडे. एकशे पाच घनफूट माती, पावणेपाच टन तरी. वरची दोन फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि साडेतीन फुटांखाली असा पक्का मुरूम की टिकाव ठणकन् परत येतो. पोरं सात वाजता तुटून पडली होती, सहाही जण एकदम. पहिल्या फुटाला सगळ्यांना जागा मिळते. दोन फुटांवर दोघंच मावतात. चार फुटांवर एकच टिकाव मारू शकतो आणि दुसरा घमेलं भरून वर देतो. ते काही त्यांना आधी ठाऊक नव्हतं. नऊपर्यंत चौघांच्या तळहाताला फोड आले आणि उपसलेली माती कबरीच्या अगदी कडेला रचून ठेवली. एप्रिलमध्ये काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात. कडेवर वजन आलं की भेगेपाशी ढेपूळ सुटतं. पायाच्या बाजूची एक कड बैलगाडीच्या चाकाएवढी सुटून आत आली. नशीब, तेव्हा खाली कुणी नव्हतं.

मिझोरमच्या दोघांपैकी एक पोरगा दहा महिने वर्गात जवळजवळ गप्प होता. मराठी त्याला कळायची पण बोलवायची नाही. आमच्या गाण्यांमधला 'ळ' त्याच्या तोंडून कधी आला नाही. त्यानं काम थांबवलं, सगळ्यांना वर काढलं आणि फावडं घेऊन आधी मातीचा ढीग कडेपासून अडीच फूट मागे सारायला लावला. मग सुटलेल्या बाजूची कड तिरपी छाटून घेतली. त्यांच्याकडे वस्तीत कुणी गेलं की कबर खणायची ती तिथल्या यंग मिझो असोसिएशनच्या पोरांनी, पैसे न घेता. 1935 साली सुरू झालेली ही संघटना गावोगाव आहे. शोकाच्या घरी रात्री बसणं, ढोलाच्या ठेक्यावर गाणं, हेही त्यातच येतं. सोळाव्या वर्षापासून त्यानं कितीतरी कबरी खणल्या होत्या. आम्ही त्याला दहा महिने 'सेवा' शिकवत होतो आणि हे त्याला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा तो बांबूची काठी कोयत्यानं तोडत होता. मापानं, बरोबर तीस इंच. काठी आडवी धरून त्यानं कबरीत सोडली. पहिला फूट मोकळी गेली. दुसऱ्याला भिंतीला घासली. तिसऱ्या फुटावर अडकली. तळाला मोजलं तर रुंदी तेवीस इंच! खणणारा नेहमी स्वतःच्या पायांपुढे खणतो, भिंतीला चिकटून टिकाव मारता येत नाही, म्हणून कबर आपोआप खाली निमुळती होत जाते. वरून पाहणाऱ्याला ती सरळच दिसते. पेटी सव्वीस इंचांची. म्हणजे दुपारी दोनशे माणसांसमोर, गाणं चालू असताना, पेटी अर्ध्यावर अडकली असती. असं झालेलं मी एकदा पाहिलंय. पेटी परत वर ओढावी लागते आणि घरच्यांच्या डोळ्यांसमोरून ते जन्मभर हलत नाही.

पुढचे अडीच तास तोच मुकादम. पंधरा मिनिटांनी माणूस बदलायचा, घड्याळ लावून. भिंती टिकावानं नाही, पहारीनं वरून खाली तासायच्या. दर फुटाला काठी फिरवायची, तिन्ही ठिकाणी, डोक्याला, मध्ये, पायाला. आतल्या भिंतीत दोन खोबण्या, वर चढायला पायऱ्या म्हणून. पाच फूट आठ इंचांवर खडक लागला तिथे थांबलो, पंचांनीही मान डोलावली. प्यायला प्रत्येक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणी पीत राहिलेल्या एकाला बाराच्या सुमारास पोटऱ्यांत गोळे आले, मग बाकीच्यांनी साखर-मिठाच्या पाण्याबद्दल कुरकुर करायचं सोडलं.

चुलीची बाजू त्यामानानं बरी चालली. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, जेवण बाहेरून जातं. दीडशे माणसांची खिचडी ठरली. दहा किलो तांदूळ, साडेतीन किलो तूरडाळ. चौघांनी घरच्या कुकरचं माप तेवढ्यापट वाढवून पासष्ट लिटर पाणी मोजून ठेवलं होतं. मोठ्या पातेल्यात पाणी त्या प्रमाणात उडत नाही. पासष्ट ओतलं असतं तर पेज झाली असती, आणि ऐंशी लिटरच्या पातेल्यातून उतू जाऊन चूल विझली असती ती वेगळीच. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी चाळीसवर हात धरला. डाळ दोन तास भिजवून आधी शिजवायची, मग तांदूळ. दोन्ही एकदम घातलं की डाळ तळाला बसते आणि करपते, आणि करपलेला वास वरपर्यंत चढला की काही उपाय नाही. मीठ पावणेचारशे ग्रॅम, त्यातलं अर्धं शेवटी. पाणी आटत आलं की लाकडं ओढून घ्यायची, झाकणावर निखारे ठेवायचे आणि सराटा अजिबात घालायचा नाही. हा शेवटचा नियम पाळणं पोरांना सगळ्यात जड जातं. दर पाच मिनिटांनी कुणीतरी झाकण उघडून बघतोच.

अडीचला घरी प्रार्थना झाली, तीनला देवळात उपासना. हो, आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. चारच्या आत कबरस्थानात. दोर सुती घेतले होते, प्रत्येकी पंचवीस फूट. नायलॉन स्वस्त पडतो, पण घामेजल्या हातातून सरकतो आणि फोड आलेल्या तळव्यांची सालं काढतो. पेटी कबरीवर दोन आडव्या वाशांवर ठेवायची, दोर दोन्ही टोकांपासून फूटभर आत घ्यायचे, दोन्ही बाजूंना तिघं-तिघं. वासे काढले की सगळं वजन एकदम हातात येतं. तेव्हा डोक्याकडचे आणि पायाकडचे एकाच आवाजावर सोडणार. आवाज कुणी द्यायचा यावर वाद नव्हता. त्यानं मिझोत मोजलं, आणि मराठी, तमिळ, झारखंडची सादरी बोलणारे सगळे त्या आकड्यांवर वीतवीत दोर सोडत गेले. तळाला आधीच चार विटा ठेवल्या होत्या, त्यामुळे पेटी टेकल्यावर दोर खालून सहज निघाले. विटा विसरल्या तर दोर कापून तिथेच सोडावे लागतात. पेटी दोन्ही भिंतींना न शिवता खाली गेली. घरच्यांनी मूठमूठ माती टाकली. मग फावडी. भरताना मोठी ढेकळं आधी टाकायची नाहीत, पेटीच्या झाकणावर आपटून जो आवाज होतो तो ऐकवत नाही. आधी भुसभुशीत काळी माती फूटभर, मग मुरूम. वर दीड फूट उंच उंचवटा, कारण पहिल्या पावसात माती खचणारच.

कागद उरले. मंडळीच्या दफनाच्या नोंदवहीत पाळकसाहेबांनी नाव, वय, मृत्यूची आणि दफनाची तारीख, कारण असं लिहिलं आणि सही घेतली. ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांच्या आत नोंद करायची असते. तेव्हा मुदत लांब वाटते आणि मग वारसाच्या नोंदीला दाखला लागला की धावाधाव होते, म्हणून मुलाला सोमवारचाच वार सांगून ठेवला.

संध्याकाळी सातला प्रभुभोजनाआधी पाय धुण्याचा विधी असतो. आमच्या घरात तो पाण्याच्या पाळीवाल्यांनी करायचा, ही जुनी रीत. चौदा माणसांना एक बादली पुरते असा दरवर्षीचा अंदाज. त्या दिवशी तिसऱ्या माणसालाच पितळी घंगाळातलं पाणी तांबडं झालं, मुरूम नखांत आणि टाचेच्या भेगांत पार बसला होता. पाणी चारदा बदललं. कुणी माणशी चाळीस लिटरच्या मापाची आठवण काढली नाही. ते सगळं पाणी केळीच्या आळ्यात गेलं. मिझो पोरगा पाय घंगाळात असतानाच भिंतीला टेकून झोपला आणि पाय धुणाऱ्या झारखंडच्या मुलीनं त्याला न उठवता पंच्यानं पाय पुसले.

काठी हत्यारांच्या खोलीत पहारीशेजारी उभी केली आणि तिच्यावर मार्करनं '30' लिहिलं. जूनला नवी बॅच आली. दुसऱ्या आठवड्यात ती मुलींच्या खोलीच्या खिडकीत, पडदा अडकवायला लावलेली सापडली. पडद्यासाठी दुसरी तोडून दिली आणि ही परत जागेवर ठेवली.