सर्व्हरला हात कुणी लावायचा?

गोव्यातल्या फोंडा, कुंडई, वेर्णा, म्हापसा या पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम धंद्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. नवी ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस, म्हणजे विंडोजसारखी मूळ प्रणाली) घ्यायला मालक कां-कूं करू लागला की बाहेरून आलेला विक्रेता त्याला सरळ कंजूस ठरवून मोकळा होतो. मला ते पटत नाही. मालकाला अडवतो तो बहुतेक वेळा त्या सर्व्हरवर चालणारा एखादा प्रोग्राम.

म्हापशातले एक घाऊक व्यापारी घ्या. गोदामात तांदळाच्या पोत्यांपलीकडे फळीवर विंडोज सर्व्हर २००३, वर चिकटपट्टीने लावलेला कागद: ‘स्विच बंद करू नये’. त्यावर डॉस या विंडोजआधीच्या जुन्या प्रणालीवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं बिलिंग. लिहून देणारा मुलगा कधीच दुबईला गेला, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कुणाकडे नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो नेमका सुट्टीवर गावी होता म्हणून निभावलं. २००८ आर२ पासून विंडोज सर्व्हर फक्त ६४ बिटचा येतो, आणि ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. म्हणजे ओएस बदलायची तर बिलिंग बदला, वर्षानुवर्षांची उधारीची खाती नव्यात न्या, काउंटरवरच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवा. सर्व्हरला जोडण्याची परवानगी देणारी क्लायंट लायसन्स नव्याने घ्यायची ती वेगळीच. ‘चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?’ असं हे व्यापारी, म्हणजे आमचे भाई, म्हणतात, त्यामागे पूर्ण हिशेब असतो.

वेर्ण्याकडच्या औषध कारखान्यांत तर प्रयोगशाळेच्या यंत्रांना जोडलेली सिस्टीम व्हॅलिडेट केलेली, म्हणजे तपासून कागदोपत्री मान्य झालेली असते. ओएस बदलली की चेंज कंट्रोल (बदलाची रीतसर मंजुरी), पुन्हा चाचण्या, पुन्हा कागद, पुन्हा सह्या.

त्यात मुहूर्त सापडत नाही. मार्च-एप्रिल हिशेबात जातात. जूनपासून विजेचा भरवसा नसतो. अपग्रेड अर्ध्यावर असताना लाइट गेली तर काय, हा प्रश्न पावसाळ्यात कुणीही विचारेल. चतुर्थीला कामगार घरी. मग हॉटेलांचा सीझन.

तरीही थांबणं सुरक्षित नाही. सर्व्हर २००३ चा सपोर्ट जुलै २०१५ मध्ये संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा सपोर्टमधल्या सिस्टीमना मार्चमध्येच पॅच, म्हणजे दुरुस्ती, मिळालेला होता. २००३ साठी मायक्रोसॉफ्टने तो खुला केला हल्ला झाल्यावर. मधले दोन महिने असे सर्व्हर उघडे होते.

भीती घालून मालक हलत नाही, असा माझा अनुभव आहे. ‘बिघडलं तर परत येता येईल का?’ एवढंच त्याला हवं असतं, आणि याचं उत्तर तोंडी देऊन भागत नाही. म्हापशात आम्ही जुन्या मशीनची अख्खी डिस्क व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये) उतरवली, तिचं इंटरनेट तोडलं आणि बिलिंग सुरू केलं. प्रोग्राम उघडला, खाती दिसली, बिल मात्र छापेना. त्याला एलपीटी१ या प्रिंटरच्या जुन्या पोर्टशिवाय दुसरा पोर्टच माहीत नाही. शेवटी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नेटवर्कवर शेअर करून ‘नेट यूज’ या विंडोजच्या कमांडने एलपीटी१ ला जोडला. बिल आलं. भाईंनी ते जुन्या बिलाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिलं, आणि मगच नव्या सर्व्हरच्या किमतीचा विषय काढला. जुना प्रोग्राम आज नव्या सर्व्हरच्या पोटात बंदिस्त चालतोय. हा कायमचा उपाय नाही, पण नवं बिलिंग बसवायला सवड मिळाली.

आता सर्व्हर २०१६ ची पाळी. त्याची मुदत १२ जानेवारी २०२७ ला संपते, म्हणजे ऐन सीझनमध्ये. कळंगुटच्या एका हॉटेलवाल्यांना मी सांगून ठेवलंय, त्याआधीच्या पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतील तेव्हा बसू. यूपीएसच्या बॅटऱ्या तपासून घेऊ, आधी तुमचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बुकिंग चालवून दाखवतो, कोटेशन त्यानंतर.